घरी येऊन राह्यलो

मार्चमधल्या एका दुपारी संजीवनी आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात आईची. मी नुकतीच शाळेतून आले होते, कुलूप अजून हातातच होतं.

"प्रतिमा, आधी आत घे," ती म्हणाली. "आणि आतून कडी लाव."

मी कडी लावली. पाणी दिलं तर तिने पेला दोन्ही हातांनी धरला, आणि तरी पाणी ओढणीवर सांडलं. बुलढाण्यात भर दुपारी, आमच्या कॉलनीत, जिथे कुत्रंसुद्धा अनोळखी माणसावर भुंकत नाही, तिथे ही बाई पडदे ओढून घेत होती.

आम्ही दोघी कॉलेजात एका बाकावर बसायचो. ती जवळच्या धाड गावची. कडूबाकाका आणि रुख्मिणीकाकूंची मुलगी, वांगी-कोबीवर वाढलेली. रोज एसटीने यायची-जायची. अभ्यासात फार हुशार होती असं नाही, पण चूक शोधायची तिला विलक्षण सवय होती. सरांनी फळ्यावर प्रोग्रॅम लिहिला की ही मागून हळूच म्हणायची, "सर, तिसरी ओळ." पुढे पुण्यात जाऊन ती जपानी शिकली आणि ओसाकातल्या एका व्हिडिओ गेमच्या कंपनीत तिला काम मिळालं. काम काय, तर नवा गेम विकायला जाण्याआधी दिवसभर खेळून त्यातल्या चुका काढायच्या. एकच बाहुली चारशे वेळा भिंतीवर आपटून बघायची, एखाद्या वेळी आरपार जाते का म्हणून. ती खुर्चीत बसून हे चौदा चौदा तास करायची. माणसं वैतागून सोडून गेली, ही टिकली. मग चुका शोधणाऱ्यांची प्रमुख झाली, मग खेळणाऱ्यांच्या तक्रारी बघणाऱ्या सगळ्या विभागाची, आणि अकरा वर्षांनी थेट कंपनीची कार्यकारी अधिकारी. परदेशी, त्यात बाई. तिथल्या बैठकीत तिच्या शेजारची खुर्ची कितीतरी दिवस रिकामीच राहायची, असं तिने मला एकदा सांगितलं होतं.

इकडे पेपरात फोटो आला, "धाडची कन्या जपानी कंपनीत अधिकारी". गावात पक्कं घर उभं राहिलं, शेतात शेडनेट आलं. लोक त्या घराला गेमवाल्याचं घर म्हणू लागले. तिकडे ती नेमकं काय करते हे रुख्मिणीकाकूंना शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी विचारलं की त्या सरळ सांगत, "खेळते."

हे नशीब कशामुळे फिरलं ते तिने त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली फरशीवर बसून सांगितलं.

कंपनीचा एक जुना गेम होता. समुद्रात छोटी छोटी बेटं, आणि जगभरातले लोक त्यावर घरं बांधून राहायचे, एकमेकांकडे जायचे. बारा वर्षं चालला. आता खेळणारे कमी झाले होते, म्हणून तीस जूनला तो कायमचा बंद करायचं ठरलं. ही बातमी सांगणारा तीन मिनिटांचा व्हिडिओ संजीवनीने केला. कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, सांगितलं, कमरेत वाकून माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून धमक्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात शेकडो. शिव्या, चाकूची चित्रं, परत जा, जिवंत राहणार नाहीस. तक्रारी वाचणं हेच तिचं काम होतं, त्यामुळे तिने त्या सगळ्या वाचल्या. एक दिवस पत्रात फक्त एक फोटो आला, खाली अक्षर नाही. तिच्या इमारतीखालच्या स्टँडवर लावलेली तिची सायकल. सीटवरच्या निळ्या कव्हरसकट.

"फोटो त्याच दिवशीचा होता," ती म्हणाली. "सकाळी मी हँडलला छत्री अडकवली होती. फोटोत ती छत्री होती."

तिथल्या पोलिसांनी घर सोडायला सांगितलं, कंपनीने दोन महिने रजा दिली. ती धाडला आली. आपल्या गावात कोण येतंय, असं तिला वाटलं. आणि त्या दिवशी सकाळी तिच्या फेसबुकच्या जुन्या खात्यावर हा निरोप आला. तिने मोबाइल माझ्या हातात दिला. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली:

"धाडले आली समजलं. गेम बंद मी होऊ देनार नाही. घरी येऊन राह्यलो."

'येऊन राह्यलो' म्हणजे आमच्या बोलीत येतोच आहे. नाव नव्हतं. फोटोच्या जागी एका बोटीचं चित्र होतं.

"जपानीतल्या धमक्या मी वाचायचे, त्या डोक्यात राहायच्या," ती म्हणाली. "ही वाचली आणि पोटात गेली. मायच्या बोलीत मला कुणी कधी असं लिहिलं नव्हतं."

खरं सांगते, तिला घरात घेतल्याचा मला त्या संध्याकाळी पश्चात्ताप झाला. आमचे हे, रमाकांत, कोर्टात लिपिक आहेत. त्यांनी दारावरची बेल काढून ठेवली, कारण बेल वाजली की संजीवनी उठून मोरीत जायची. कुकरच्या शिट्टीने ती दचकायची. गॅसवाला आला तर मी त्याला खिडकीतून तीन प्रश्न विचारले. तो कित्येक वर्षं आमच्याकडे सिलिंडर देतोय. भीती अशी घरभर होते. चौथ्या दिवशी शाळेतून येताना एक मोटारसायकल माझ्या मागे दोन वळणं आली, तर मी ओळख नसलेल्या एका घराच्या फाटकात शिरले.

रमाकांतांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पोलिसांनी तो घेतला, नंबर दिला, माणूस दिसला की लगेच फोन करा म्हणाले. संजीवनीने आईवडिलांनाही बुलढाण्याला बोलावलं. कडूबाकाका म्हणाले, "वांग्याची तोड चालू हाय. तोड सोडून कसा येऊ?"

पाचव्या दिवशी रुख्मिणीकाकूंचा फोन आला. संजीवनीने तो स्पीकरवर टाकला.

"एक मानूस आल्ता वं. तुले इचारत होता. तीन तास ओसरीत बसला."

"नाव काय त्याचं?"

"नाई सांगितलं. चांगला वाटला. पानी पेला. भितीवरचा तुहा फोटो लय येळ पाहत राह्यला."

संजीवनी मोबाइलवर ओणवी झाली. "माय, तू त्याले घरात काऊन घेतलं?"

"दारात आलेल्या मानसाले उन्हात उभं ठेवू का?" काकू म्हणाल्या. "बजाराच्या दिवशी पुन्हा येतो म्हने."

फोन ठेवल्यावर तिने उठून दाराची कडी तपासली. मग म्हणाली, "मी इथे कडी लावून बसलेय आणि ती त्याला पाणी देतेय. मला जावं लागेल."

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या एसटीने धाडला गेलो. रमाकांतांनी कारण नसताना हेल्मेट हातात घेतलं होतं. ठाण्यातला एक शिपाई बाजारात बंदोबस्ताला असणार होता, त्याचा नंबर माझ्या मोबाइलवर समोरच काढून ठेवला होता. घरी गेल्यावर संजीवनीने पहिल्यांदा विळे, कोयता आणि वरवंटासुद्धा उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला. कडूबाकाका तिच्याकडे बघत राहिले. त्या क्षणापर्यंत त्यांना प्रकार किती गंभीर आहे ते कळलं नव्हतं.

अकरा वाजता तो आला. साठीच्या पुढचा, वाळका, पांढरा शर्ट आत खोचलेला, खांद्याला चामड्याची जुनी पिशवी. फाटकाशी थांबून त्याने चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या. संजीवनी ओसरीत खांबाला पाठ लावून उभी होती. तिला बघून तो माणूस जागीच थबकला.

"तुमीच का व्हिडिओतल्या?"

तिने मान हलवली.

त्याने पिशवीत हात घातला. रमाकांत उठले, कडूबाकाका पुढे सरले, माझं बोट शिपायाच्या नंबरावर गेलं. त्या माणसाने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला एक टॅबलेट काढला. आम्हा सगळ्यांना उभं राहिलेलं बघून तोच घाबरला. दोन पावलं मागे गेला.

"काय झालं? मी हिंमतराव. लोनारचा. एसटीत कंडक्टर होतो, तेहतीस वर्षं."

"घरी येतो म्हणून तुम्ही लिहिलं होतं?" संजीवनीचा आवाज फाटला.

"हाव. सांगून यावं मनलं. न सांगता लोकाच्या घरी कसं याचं?"

"आणि होऊ देणार नाही म्हणून?"

"इनंती करून पाह्यतो, असं मनाचं होतं मले," तो म्हणाला. "मोबाइलवर लांब लिहिता नाई येत."

ती धाडला आल्याचं त्याला कळलं कसं, हे रमाकांतांनी विचारलं. धाडच्या गाडीवरचा कंडक्टर त्याच्या हाताखाली शिकलेला होता. पेपरातला फोटो सगळ्यांना माहीत होता. ती गाडीत बसली त्याच दिवशी लोणारला निरोप पोचला होता.

काकूंनी चहा आणला. हिंमतरावांनी टॅबलेट मांडीवर उघडला आणि आम्हाला ती बेटं दाखवली. ते स्वतः हा गेम खेळायचे. बायको, जनकाबाई, रिटायर झाल्याच्या तिसऱ्या महिन्यात गेली. त्यानंतर दुपारी घरात एकटं असलं की त्यांच्या छातीत धडधडायचं, हात गार पडायचे. डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलं. भाचीने हा गेम टॅबलेटवर घालून दिला होता. त्यात एक बोट मिळते. त्या बोटीने ते नवीन आलेल्या लोकांना या बेटावरून त्या बेटावर सोडायचे. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, मधे जेवणाची सुट्टी. सहा वर्षं.

"भाषेचं काय?" मी विचारलं.

"भाषा कायले पाह्यजे? सगळे बसले की मी लिहितो, टिंग टिंग. डबल बेल. मंग गाडी निंगते."

संजीवनीने एकदम मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. नंतर तिने सांगितलं, की ब्राझीलपासून कोरियापर्यंतचे खेळणारे बोट सोडताना हे दोन शब्द लिहायचे, आणि ते आले कुठून यावर ओसाकाच्या कार्यालयात दोन बैठका झाल्या होत्या.

पण तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "हिंमतकाका, बंद करायचं मीच सुचवलं होतं. दुसऱ्या कोणी नाही. आणि ते आता मागे घेता येत नाही."

हिंमतरावांनी टॅबलेट परत टॉवेलात गुंडाळायला घेतला, पण गाठ बसेना. मला पुन्हा भीती वाटली, आधीच्यापेक्षा वेगळी. हा माणूस दुपारी लोणारच्या त्या घरात परत जाणार होता.

"मले भेव वाटते वं ताई," ते म्हणाले. "बाकी काई नाई."

"मलाही वाटतं," ती म्हणाली. "दोन महिने झाले, मी झोपले नाही."

मग त्यांनी विचारलं, "किती वाजता बंद होनार?"

"तीस जूनला. आपल्याकडे साडेअकरा."

"पक्कं साडेअकरा ना? मागंपुढं नको. पाशिंजर मधात पान्यात राह्यला नाई पाह्यजे."

मे महिन्यात ती ओसाकाला परत गेली. जाताना विमानतळावर तिला उलटी झाली. कंपनीत तिने एक गोष्ट भांडून करून घेतली: खेळणाऱ्यांना हवं असेल तर शेवटच्या महिन्यात एकमेकांना आपला खरा पत्ता देता येईल. आणि मला फोन करून म्हणाली, "तीस तारखेला तू लोणारला जाशील? ते एकटे असतील."

मी आणि रमाकांत आदल्या दिवशीच गेलो. सकाळी हिंमतराव अंघोळ करून, शर्ट खोचून बसले होते. साडेदहापासून बोट भरून जात होती. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातले लोक फक्त त्या बोटीत बसायला आले होते. ते एकेकाला किनाऱ्यावर सोडत होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. कपाळावरून घाम वाहत होता. अकरा पंचवीसला त्यांनी शेवटची बोट लावली. सगळे उतरले. मग ते एकटेच बोटीपाशी उभे राहिले, पडद्यावरचा छोटा माणूस, आणि साडेअकराला पडदा पांढरा झाला. त्यावर जपानीत एक ओळ आली, तीही गेली.

ते हलले नाहीत. मी त्यांच्या श्वासाकडे बघत होते. रमाकांतांनी डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला होता. शेवटी ते म्हणाले, "तुमी जेवून जा. पिठलं कराले येते मले."

आम्ही जेवलो आणि संध्याकाळपर्यंत थांबलो. आता त्यांच्याकडे अकरा जणांचे पत्ते आहेत. धडधड अजून होते, असं ते फोनवर सांगतात. झाली की बसस्टँडवर जाऊन बसतात.

सायकलचा फोटो कोणी काढला ते कधीच कळलं नाही. संजीवनीने घर बदललं. सप्टेंबरमध्ये तिने अधिकारीपद सोडलं आणि चुका शोधणाऱ्यांच्या जुन्या विभागात परत गेली. धाडमध्ये काहींना वाटलं, तिला काढलं. कडूबाकाका कोणाला उत्तर देत नाहीत.

दिवाळीत ती आली होती. आम्ही दोघी बुलढाण्याच्या बाजारात पणत्या घेत होतो, तेव्हा कॉलेजच्या दोन मुलींनी तिला ओळखलं. "तुम्ही गेमवाल्या मॅडम ना? एक फोटो?" मोबाइल समोर आला तशी तिने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मला वाटलं, ती पळेल. ती उभी राहिली. पहिला फोटो हलला. मुली म्हणाल्या, पुन्हा काढतो.

"काढा," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.