शोवाचं शंभरावं साल

याइझू बंदरातल्या शीतगृहात कुवाबारा तात्सुओ तरुणपणी लागले, तेव्हाच त्यांनी साहेबांना बजावलं होतं, "तारखांचा प्रोग्राम मी स्वतः लिहीन. आपला भात दुसऱ्याच्या चुलीवर कशाला?"

लिहिलाही. जपानात सम्राट बदलला की कालखंडाचं नाव बदलतं आणि सालं पुन्हा एकपासून सुरू होतात. शोवा संपून हेइसेई लागलं, तेव्हा शेजारच्या कंपन्यांची तारांबळ उडाली. कुवाबारांचा प्रोग्राम मात्र आतल्या आत शोवाचीच सालं पुढे मोजत राहिला आणि छापताना तेवढं नवं नाव लावू लागला. साहेबांनी स्वतः त्यांच्या पेल्यात साके ओतली. पुढे हेइसेई संपून रेइवा लागलं, तेव्हा तर थोडक्यात भागलं.

फक्त सालासाठी जागा दोनच आकड्यांची होती, आणि शोवाचं शंभरावं साल तोंडावर आलं.

"कुवाबारासान, हे आता मोडीत काढू या," विभागप्रमुख मिनेगिशी बाई म्हणाल्या. त्या त्यांच्या मुलीच्या वयाच्या. "तारखांचा हिशेब करणारा, दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड आहे, लायब्ररी म्हणतात. फुकट मिळते, सगळे वापरतात."

"लिहिणारा कोण? उद्या तो कंटाळला म्हणजे?"

"आणि तुम्ही मार्चमध्ये निवृत्त होऊन घरी बसलात म्हणजे?"

कुवाबारा हसले नाहीत. "माझं मला दुरुस्त करू द्या, मॅडम. जाताना तरी ते धड असू दे."

बाईंनी करू दिलं. कुवाबारांनी सगळीकडे सालाची जागा वाढवली. पण कोणता माल आधी बाहेर काढायचा हे ठरवणारा तुकडा नजरेतून सुटला. तो शंभरातले शेवटचे दोनच आकडे वाचत राहिला, त्यामुळे जानेवारीत आलेला टूना मासा त्याला शून्य सालचा, म्हणजे सगळ्यात जुना वाटला. ताजा माल भराभर बाहेर गेला, जुना मागच्या रांगेत पडून राहिला. तो गिऱ्हाइकाकडे पोचला तेव्हा काळपट पडला होता.

माफी मागायला दोघं मिठाईचा खोका घेऊन गेली. कुवाबारा कमरेत वाकले. बाई त्यांच्याहून खाली वाकल्या. परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला 'करा' असं मीच म्हटलं होतं."

लायब्ररी बसवली, ती सुरळीत चालली. कुवाबारांनी हट्टाने तिच्यात चूक शोधली, सापडली नाही. सापडली ती लायब्ररी लिहिणाऱ्याची सूचना: 'थकलो आहे. यापुढे हे काम मी बघणार नाही. कुणाला घ्यायचं असेल तर घ्यावं.'

त्यांनी ती बाईंना दाखवली.

"ते मार्चनंतर आम्ही बघू," बाई बोलून गेल्या आणि ओशाळल्या.

"बरोबर आहे," कुवाबारा म्हणाले, आणि आपला प्रोग्राम पुसायला जागेवर जाऊन बसले.