नाखव्याची दारू सुटली का?

धर्मा नाखवा गेल्याची बातमी मला नागावच्या किनाऱ्यावर कळली, तीही धड नाही. श्रीवर्धनकडून सुपारी घेऊन आलेल्या मचव्यावरचा एक ओळखीचा खलाशी पोती उतरवता उतरवता म्हणाला, "मास्तर, तुमचा नाखवा गेला की." कशानं म्हणून विचारलं, तर म्हणे तापानं, छाती भरली होती. मग पोतं पाठीवर चढवून चालू लागला आणि जाता जाता मान वळवून म्हणाला, "जाताना दारू मागितलीन म्हनं." एवढं सांगून तो गेला... मी तिथंच वाळूत उभा. मित्र गेल्याचं ऐकून माणसाला रडू यावं. मला राग आला. नाखव्यावर, त्या खलाश्यावर, की माझ्यावरच, ते इतक्या आठवड्यांनंतरही मला सांगता येत नाही. या माणसाची दारू सुटली की नाही, हा एकच प्रश्न मी कित्येक वर्षं डोक्यात घोळवत होतो, आणि उत्तर द्यायचं सोडून तो मरून मोकळा झाला होता.

आमची ओळख झाली तेव्हा मी श्रीवर्धनच्या खालच्या अंगाला एका लहानशा गावी शाळामास्तर होतो. शाळा कोळीवाड्याला लागून आणि माझं बिऱ्हाड शाळेला लागून. त्यामुळे सुकत घातलेल्या मासळीचा वास आणि धर्मा नाखव्याचा आवाज या दोन गोष्टींपासून मला सुटका नव्हती. नाखवा म्हणजे होडीचा धनी आणि समुद्रावर तिचा कर्ताधर्ता. शाळा चुकवून किनाऱ्यावर हिंडणाऱ्या पोरांना तो दोन्ही बगलांत धरून आणायचा आणि माझ्यासमोर टाकून म्हणायचा, "घ्या मास्तर, ताजी हायत." गडी असा दिलदार, पण दारूपुढं त्याचं काही चालत नसे. त्याची त्याला लाजही वाटे, म्हणून दरवर्षी तो गावदेवीपुढं नारळ ठेवून चारचौघांदेखत शपथ घ्यायचा. एका वर्षी घेतली, की या जमिनीवर दारूला शिवणार नाही. आणि पाळली! प्यायची झाली की तो किनाऱ्याला बांधलेल्या होडीत चढून बसायचा. "नाखवा, हे काय?" असं मी विचारलं, तर अगदी मनापासून म्हणाला, "देवीला जमिनीचा सबूद दिलाय मास्तर. होडीचा कुटं दिलाय?" ही थट्टा नव्हती. देवीशी आपण चोख वागतो आहोत अशी त्याची खरोखर समजूत होती. पुढच्या वर्षी त्याच्या बायकोनं, चांगुणानं, शपथेत होडीसुद्धा घालून घेतली. तेव्हा नाखवा गुडघाभर पाण्यात उभा राहून पिऊ लागला.

हसून हसून आमच्या पोटात दुखायचं. चांगुणा मात्र हसत नसे. पुढं एकदा भरतीच्या वेळी होडी आत आणताना नाखव्यानं ती खडकावर घातली, आणि त्याचा धाकटा भाऊ पांडू याचा पाय कायमचा अधू झाला. होडीवरच्या गड्यांनी सांगून टाकलं की आता तुझ्याबरोबर आम्ही येणार नाही. चांगुणानं लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि शेजारच्या गावी भावाकडं निघाली. माझ्या दारावरून जाताना थांबली आणि मागून येणाऱ्या नवऱ्याला माझ्यासमोर म्हणाली, "तुज्या शपता लय झाल्या. आता शपत घेऊ नको, औषद घे. खरी सुटली का सांगावा धाड, मी येते. न्हायतर माजं तोंड बघू नको." ती गेल्यावर नाखवा माझ्या ओट्यावर बसला. एवढा दांडगा माणूस, पण हात असे कापत होते की विडीसुद्धा पेटवता येईना. "मास्तर," तो म्हणाला, "मला कुटंतरी न्या."

तळा नावाच्या गावी माझ्या ओळखीचे एक वैद्य होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर झापांखाली शाकारून ठेवलेल्या असतात आणि कोळ्यांना दर्याचं काम नसतं. पिण्याचा हंगाम म्हणाल तर तोच. त्याच दिवसांत मी नाखव्याला थोडं गाडीनं, थोडं चिखल तुडवत तळ्याला नेलं. अण्णांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि त्याला आपल्या पडवीत ठेवून घेतलं. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. घामानं घोंगडी भिजे, अन्न पोटात ठरत नसे. वर वाशांकडं बघून तो "वोढा रं, जालं वोढा" म्हणून ओरडे. मला वाटलं, माणूस हातचा गेला. अण्णा मात्र शांतपणे पेज पाजत, तूप चोळत. मग तो जरा बसू लागला तेव्हा त्यांनी भाताच्या राशीत पुरून ठेवलेली एक बरणी काढली, तिच्या तोंडावरचं मातीनं लिंपलेलं कापड सोडवलं, आणि जेवणानंतर मापभर औषध पाणी घालून त्याच्या हातात दिलं. नाखव्यानं आधी वास घेतला. मग माझ्याकडं पाहिलं. "अण्णानू, ह्यो वास वळखीचा हाय." अण्णा हसले. "द्राक्षासव आहे ते. मनुका, दालचिनी, लवंग. शक्ती येते. प्या." तो प्यायला. आणि नवल म्हणजे, माणूस सुधारला! भूक लागली, झोप लागली, हात थांबले.

नारळी पौर्णिमेला आम्ही परत आलो, येताना आसवाच्या बाटल्या घेऊन. नाखव्यानं सांगावा धाडला आणि चांगुणा आली, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकीना. आधी तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग माझ्याकडं वळली. "मास्तर, सुटली का वो ह्यांची?" मी म्हटलं, सुटली. "मंग ह्यो वास कसला?" औषधाचा, मी म्हटलं. "ही पन होडीतल्यावानीच शपत न्हाय ना?" एवढं विचारून ती आत गेली. गडीही एकेक करून परत आले. त्या वर्षी होडी पाण्यात लोटताना नाखव्यानं रिवाजाप्रमाणं दर्याला दारू वाहिली. एक घोट दर्याचा, एक नाखव्याचा, अशी आमच्याकडची रीत. नाखव्यानं आपलाही घोट दर्यालाच दिला. गडी कुरकुरले, की असं करू नये, मासळी रुसते. मासळी काही रुसली नाही. मला वाटलं, संपलं सगळं, आता सुखानं झोपावं.

पुढं दारूबंदीचे दिवस आले. दारूच्या पिठ्यासमोर पोरं घोषणा देत, सभा भरत; आणि आमच्याकडच्या सभेत दारू सोडलेला माणूस म्हणून नाखव्याला हार घातला. बिचारा इतका लाजला की हार काढून त्यानं गणपतीच्या तसबिरीलाच घातला. सभेला सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले होते. माणूस चांगला, पण जिभेला हाड नाही. सभेनंतर चहा घेताना त्यांनी नाखव्याला विचारलं, औषध कोणतं घेता? त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. डॉक्टर खो खो हसले. "अहो नाखवा, आसव म्हणजे आंबवलेलंच. तीही एक प्रकारची दारूच की! थोडी सौम्य, एवढंच." चांगुणा दारातच होती.

दुसऱ्या दिवशी नाखवा मला ओढतच तळ्याला घेऊन गेला. अण्णांसमोर बाटली ठेवली आणि म्हणाला, "मी सोडलीय का न्हाय, येवडंच सांगा." अण्णांना राग आला. "दारू म्हणजे माणूस आपल्या मर्जीनं पितो ती. वैद्यानं मापून दिलं ते औषध." नाखवा विचार करत बसला. मग हळूच म्हणाला, "म्हंजी माजी मर्जी तुमच्या मापात हाय व्हय?" अण्णांनी बाटली उचलून परत त्याच्या हातात दिली. परतीच्या वाटेवर, सोडली की नाही, हाच प्रश्न त्यानं मला विचारला. मी काय सांगणार? डॉक्टर खरं बोलत होते, अण्णाही खोटं बोलत नव्हते, आणि माझ्यासमोर शुद्धीत, धडधाकट असा माणूस चालत होता, ज्याला मी पूर्वी गटारातून उचलून आणलं होतं. मी म्हटलं, "नाखवा, तू बरा आहेस ना? मग झालं तर." "झालं कसं?" तो म्हणाला. "चांगुणाला काय सांगू?"

त्यानं आसव बंद केलं. पुन्हा हात कापू लागले, पुन्हा अन्न उतरेना; म्हणून पुन्हा सुरू केलं, मापाच्या निम्मं. पुढं कधी घेई, कधी नाही. बाटली मात्र घरात फळीवर, पाण्याच्या तांब्याशेजारी, उघड्यावर असे. त्यात लपवाछपवी नव्हती. पिठ्याची पायरी तो परत चढला नाही, होडी खडकावर गेली नाही. पण चांगुणा रोज तोंडाचा वास घेई आणि तिला काहीच ठरवता येत नसे. मी नोकरी संपवून नागावला आलो, तरी वर्षातून एकदा तिकडं फेरी व्हायची, आणि दर खेपेला निघताना ती तेच विचारी, "मास्तर, सुटली का वो ह्यांची?" शिकलेला माणूस म्हणून विचारी. मी कधी हो म्हणे, कधी समुद्राकडं बघत उभा राही... मला माहीतच नव्हतं, तर काय सांगणार होतो?

खलाश्याकडून बातमी कळताच मी निघालो, तो दहाव्याला पोचलो. पांडूनं लंगडत पुढं येऊन सगळं सांगितलं. शेवटच्या दिवशी नाखव्यानं फळीकडं हात केला, "दे" म्हणाला आणि गेला. "दारूच मागितलीन, मास्तर," पांडू रडत म्हणाला. "आमी देऊ शकलो न्हाय." मी म्हटलं, अरे, फळीवर तांब्याही होता ना? पांडूला ते पटेना. मला तरी कुठं पटत होतं?

म्हणून पिंडापाशी त्यांनी सगळं मांडलं: भात, तळलेली सुरमई, विडी, आणि मधोमध दारूची भरलेली बाटली. अधुरं राहिलेलं घेऊन जा म्हणून. कावळे माडांवर बसले होते, पण एकही खाली येईना. पांडूनं हात जोडले, होडी नीट सांभाळीन म्हणाला. गड्यांनी हात जोडले. दारू पानात ओतली. ऊन चढलं, तरी कावळा शिवेना, आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या. जीव दारूत अडकलाय, असं कुणीतरी पुटपुटलं. दर्भाचा कावळा करून उरकून घ्या, असं ठरू लागलं.

बायका लांब माडांखाली उभ्या होत्या. त्यांतून चांगुणा निघाली आणि रीतभात न जुमानता थेट पिंडापर्यंत चालत आली. तिनं बाटलीकडं पाहिलं, वर कावळ्यांकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत तोवर पाण्याचा टिपूस आला नव्हता असं बायका सांगत होत्या. आता मात्र ती ओक्साबोक्शी रडू लागली, आणि रडता रडता तिच्या तोंडावर असं हसू आलं की मी बघतच राहिलो.

"बगा, बगा की," ती म्हणाली. "समोर भरलेली ठेवलीव तुमी, आन् तो शिवत न्हाय. सुटली वो, मास्तर. खरी सुटली."

पांडू गोंधळून माझ्याकडं पाहू लागला. सगळेच पाहू लागले. आता मास्तर काहीतरी सांगतील म्हणून. कावळ्यांचं मला काय कळतं? मी उठलो, आणि चांगुणाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.