चाळीस ग्रॅम दूध

प्रयोगशाळेतली दुधाची पावडर कोणीतरी चहात घालतंय, अशी मावशींच्या मनात पाल चुकचुकली ती एका सोमवारी सकाळी. डबा उचलला तर हाताला हलका लागला. ज्याने जेवढी पावडर घेतली त्याने तेवढी डब्यावरच्या चिठ्ठीवर लिहायची, हा मावशींचाच दंडक. त्यांनी चिठ्ठीवरची बेरीज केली, मग डबा काट्यावर ठेवला. हिशेबापेक्षा चाळीस ग्रॅम कमी!

त्या थेट शिपाईमामांच्या शेगडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मामा, चहा हल्ली दाट होतो म्हणे तुमचा?"

"दाट? परवाच तर म्हणालात, ह्या चहाला दूध नुसतं लांबून दाखवलंय म्हणून!"

"ते परवाचं झालं."

"मावशी, तुमच्या त्या डब्याशेजारी काय काय विषारी बाटल्या असतात. मला नातवंडांची लग्नं बघायचीत."

मुद्दा पटण्यासारखा होता. तरी मावशींनी जाता जाता कपाचा वास घेतलाच.

बाटल्या धुवायला म्हणून त्या इथे लागल्या, त्याला बावीस वर्षं झाली. आता प्रयोगशाळेतलं निम्मं काम त्यांच्या हातून जाई. पाठीमागे सगळे त्यांना 'कोतवालीण' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून त्यांनी भलतंच मीठ द्रावणात घातलं होतं आणि एका संशोधकाचं वर्षभराचं काम मातीत गेलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मावशी पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागल्या. नवरा म्हणे, "धुतलेल्या मोज्यांची जोडी जुळली तरी हिला वाटतं, एक बदललाय."

तर ते दूध. पेशीतल्या प्रथिनांवर फॉस्फेटचा एक इवलासा तुकडा येऊन चिकटतो. मावशी त्याला बटण म्हणत. बटण लागलं की प्रथिन कामाला लागतं, निघालं की गप्प बसतं. बटणं लावणारी माणसं, म्हणजे दुसरी प्रथिनं, पेशीत वेगळी, काढणारी वेगळी. हे बघायचं तर पेशी फोडून त्यातली प्रथिनं एका पातळ पापुद्र्यावर उतरवायची. मग पापुद्रा दुधात बुडवायचा, म्हणजे रिकाम्या जागा बुजतात आणि पुढची रसायनं नको तिथे चिकटत नाहीत. दर वेळी दोन पापुद्रे लागतात. प्रथिन मुळात आहे की नाही ते सांगणाऱ्या पापुद्र्याला पाच ग्रॅम दूध. बटण शोधणाऱ्याला मात्र दूध चालत नाही, कारण दुधातल्या प्रथिनांवर बटणंच बटणं. सगळा पापुद्रा काळा होतो.

म्हणजे चाळीस ग्रॅम दूध म्हणजे आठ पापुद्रे. आठ प्रयोग! मावशी स्टुलावर बसल्या. चहासाठी कोणी मोजून पाच-पाच ग्रॅम घेत नाही.

ह्या महिन्यात बटणाचं काम एकटी धाकटी करत होती. धाकटी म्हणजे प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांची सगळ्यांत लहान विद्यार्थिनी. पेशी उपाशी ठेवल्या की एका प्रथिनावरचं बटण गळून पडतं, हा तिचा शोध. शुक्रवारी तो समितीपुढे मांडायचा होता. समितीने मान डोलावली तर प्रबंध लिहायची परवानगी. नाहीतर नाही, कारण तिची मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती.

मावशींनी तिची नोंदवही उघडली. प्रयोग तीन. तिन्ही देखणे. भरल्या पोटाच्या पेशीत गडद पट्टी, उपाशी पेशीत काही नाही. चिठ्ठीवरही तेवढ्याच नोंदी. मग त्या पापुद्र्यांचे फोटो काढणाऱ्या यंत्रापाशी गेल्या. माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही. बटणाच्या पापुद्र्यांचे फोटो अकरा निघाले. मांजर डोळे मिटून दूध पिते, तिला वाटतं कोणी बघत नाही.

वहीत नसलेल्या आठही फोटोंत उपाशी पेशींवरचं बटण जागच्या जागी होतं.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मावशींनी तिला गाठलं.

"पोरी, आठ प्रयोग कुठे ठेवलेस?"

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. "कुठले आठ?"

"मला विचारतेस?"

"ते फसलेले होते, मावशी. हात चुकला असणार. फसलेलं कोणी वहीत लिहितं का?"

"फसलेलं हे कोणी ठरवलं?"

"अहो, आलंच नाही ना काही!"

"तुला हवं ते आलं नाही. आणि दूध?"

"चिठ्ठीवर लिहिलं असतं तर तुम्ही विचारलंच असतं, कशाला घेतलं म्हणून." ती रडकुंडीला आली. "तुम्हाला माझं वाटोळंच करायचंय का? शुक्रवार तोंडावर आलाय!"

मावशींना त्या क्षणी ती लबाड वाटली. पण लबाड माणूस फोटो पुसून टाकतो, हेही त्यांच्या मनात आलंच. स्वतःच्या संशयावर संशय घेणं त्यांना फारसं जमत नसे. तो दिवस अपवाद. त्यांनी गरगर फिरणाऱ्या यंत्राशेजारी टांगलेली वही आणली. फोडलेल्या पेशींचा गाळ खाली बसवायला सगळ्यांना ते यंत्र लागे, आणि ज्याने वापरलं त्याने वहीत सही करायची.

"तुझ्या तीन देखण्या प्रयोगांच्या तारखा वाच."

धाकटीने वाचल्या. तिन्ही दिवशी शेजारच्या प्रयोगशाळेची सही होती; त्या आठ प्रयोगांच्या दिवशी ती नव्हती.

"त्यांच्या नळ्या असल्या की यंत्रात आपल्याला जागा किती उरते?"

"चार."

"मग आधी कुठल्या घालतेस?"

"भरल्या पोटाच्या. उपाशी दुसऱ्या फेरीत…" ती थांबली.

"आणि तोवर त्या कुठे असतात?"

"स्टँडवर."

"बर्फात?"

धाकटीने मानेनेच नाही म्हटलं. पेशी फुटली की बटणं काढणारी माणसंही मोकळी सुटतात. ताजं औषध घालून त्यांचे हात बांधतात, पण ती गाठ बर्फातच टिकते. टेबलावरच्या उबेत अर्धा तास मिळाला की ती नळीतल्या नळीत बटणं काढत बसतात. बटण पेशीत गळालंच नव्हतं. ते स्टँडवर गळालं होतं.

"आता?" धाकटीने विचारलं.

"आता सरांकडे."

"शुक्रवारनंतर सांगते. शपथ."

"शुक्रवारनंतर ते तुझं राहणार नाही, समितीचं होईल." मावशी उठल्या. "तू सांगतेस की मी सांगू? मी सांगितलं तर चोरी होईल. तू सांगितलंस तर चूक."

धाकटीने अकरा फोटो छापले. मावशी सरांच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या; कितीही झालं तरी पोरगी खिडकीतून पळाली तर, हा विचार त्यांना शिवलाच नाही असं नाही. आतून सरांचा आवाज एकदा चढला. धाकटी बाहेर आली ती लाल डोळ्यांनी.

"शुक्रवार रद्द. सर समितीकडून सहा महिने मागून घेणार आहेत. मिळतील की नाही, माहीत नाही."

पुढे तीन आठवडे ती मावशींशी कामापुरतंही बोलली नाही. प्रयोग मात्र पुन्हा केला, सगळ्या नळ्या बर्फात पुरून. चारही वेळा बटण जागेवरच राहिलं. शोध गेला. सहा महिने मिळाले, पण आता नव्याने काहीतरी शोधायचं होतं.

चौथ्या आठवड्यात मावशींनी तिच्यासाठी द्रावण करून बाटली पुढे सरकवली. धाकटीने ती उजेडात धरली, चिठ्ठी वाचली आणि बाटली तशीच खाली ठेवली.

"मावशी, ह्यातलं औषध तुम्ही स्वतः मोजलंत? की कालचंच घेतलंत?"

बावीस वर्षांत मावशींना असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या कानशिलापर्यंत राग चढला. मग त्यांनी आठवून बघितलं.

"कालचं घेतलं," त्या म्हणाल्या. "दे इकडे. पुन्हा करते."