सरासरी पाऊस

पावसाळ्यात नाले भरले की गडचिरोलीतल्या कितीतरी गावांची वाट बंद होते, म्हणून तिथलं रेशन आधीच पोचवून ठेवतात. आधी कोणत्या गावाला ट्रक पाठवायचा, हे ठरवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. तो शेकडो वेळापत्रकं बनवायचा, प्रत्येकाला लवकरच्या, उशिराच्या, धो धो पावसात तपासायचा, बुडालेली फेकून द्यायचा आणि तगलेल्यांची सरमिसळ करून नवी पिढी काढायचा.

आमच्या पुरवठा ऑफिसच्या साहेबांनी त्याचा सत्यानाश केला. "इतके पाऊस कशाला? एक सरासरी टाका." मी भांडलो, तर त्यांनी तो दुसऱ्याकडून बदलून घेतला. उत्तर झटक्यात आलं, डिझेलही कमी लागणार होतं. नाल्यापलीकडची गावं मात्र यादीत सगळ्यात शेवटी गेली, कारण सरासरी पावसात तो नाला शेवटच्या ट्रकपर्यंत कोरडाच राहायचा.

पाऊस लवकर आला. तांदळाचा ट्रक नाल्याच्या अलीकडे अडकला आणि पलीकडे बाया रिकाम्या पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या. साहेब वर मलाच म्हणतात, "तुमचा प्रोग्राम कच्चा निघाला."

माझं डोकंच सणकलं. "साहेब, तो सरासरी पाऊस कुठी पडते, ते गाव दाखवा मले. हा ट्रक तिथीच रिकामा करतो."