लाल ठिपका

कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. कारखाना टेलिफोन एक्स्चेंजचे बोर्ड बनवायचा. पहिली सात वर्षं तिनं स्वतः डाख दिले, म्हणजे तापलेल्या सळईच्या टोकानं कथील वितळवून तारा बोर्डाला सांधल्या. पुढची पंधरा वर्षं ती दुसऱ्यांचे डाख भिंगाखाली धरून तपासत होती. पक्का डाख पाण्याच्या थेंबासारखा चकचकीत दिसतो, कच्चा मळकट आणि रवाळ. कच्चा दिसला की शेजारी लाल पेनानं ठिपका द्यायचा. ठिपक्याचा अर्थ एकच, पुन्हा वितळव.

"हिला सून आली की घासलेल्या भांड्यांवर ठिपके देत बसेल," बरोबरीच्या बायका म्हणायच्या.

सून येण्याचा प्रश्न नव्हता. नवरा गेला तेव्हा लेक चौथीत होती, आणि तेवढी एकच. मोठी झाल्यावर ती दिवसभर एका वाचनालयात काम करायची, पण जीव सगळा आवाजात. कारखाना बंद पडला आणि भिंगबाई घरी बसली, तेव्हा लेकीनं एक दिवस तिच्यासमोर आकृत्यांचा गठ्ठा टाकला.

"भिंगबाई, नवी नोकरी. पगार नाही, डोकेदुखी भरपूर."

"हे काय गं ठमे?"

"सिंथेसायझर. दुकानातला नाही, आपण घरी बनवायचा. मी आकृती काढीन, तू डाख दे."

तीन वर्षांत जेवणाच्या टेबलाशेजारी चपलांच्या कपाटाएवढं एक खोकं उभं राहिलं. त्याला पियानोसारख्या पट्ट्या नव्हत्या. नुसते पत्रे, पत्र्यांवर बटणं आणि भोकं. एक पत्रा स्वर काढायचा, दुसरा त्याची धार कमी करायचा, तिसरा त्याला चढवायचा-उतरवायचा. या भोकातून त्या भोकात तारा खुपसल्या की आवाज तयार व्हायचा. या खोक्याला आठवण मात्र नव्हती. तारा उपसल्या, बटणं फिरली की तो आवाज गेला. पुन्हा तोच मिळेल याची खात्री नाही.

एका रविवारी भिंगबाई शेवटच्या बोर्डावर डाख देत होती. तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला. बहीण बोलत होती आणि ही नेहमीसारखी "हं... हं..." करत होती. परत येऊन बघते, तर राहिलेला एक डाख लेकीनं देऊन टाकलेला.

"हा काय डाख म्हणायचा? पक्ष्यानं शिटल्यासारखं दिसतंय!" तिनं लगेच लाल ठिपका दिला.

"राहू दे ना. सगळ्या खोक्यात माझ्या हातचा एवढा एकच आहे."

"कच्चा आहे गं तो."

"चालतोय ना? मग झालं तर."

त्याच आठवड्यात लेकीनं तिला खोक्यासमोर बसवलं. "आता ओळख हं, कोण बोलतंय." एक बटण दाबलं. खोकं म्हणालं, "हं?"

भिंगबाई हसत सुटली. हुबेहूब तिचाच हुंकार, नाकातला, थोडा घोगरा.

"तुझा हं सपाट असतो, आई. समोरच्याला कळतं की तुझं लक्ष नाही. हा बघ, शेवटी वर जातो. ऐकतोय, विचारतोय असं वाटतं. गंमत म्हणजे ते वर जाणं मी केलेलंच नाही. आपोआप होतंय, कुठून ते मलाही सापडेना."

पुढच्या महिन्यात लेकीच्या फुप्फुसाचं दुखणं निघालं. अकरा दिवसांत ती गेली.

त्यानंतर दीड वर्ष भिंगबाईनं खोक्याची एकही तार हलवू दिली नाही. धूळ ती रंगाच्या बारीक ब्रशनं झटकायची, बटणांना धक्का न लावता. सकाळी चहाचा कप घेऊन समोर बसायची. "आज पाणी उशिरा आलं," असं म्हणायची आणि बटण दाबायची. "हं?" मग पुढचं सांगायची. बहीण म्हणाली, "अगं, माणसांशी बोल की!" भिंगबाई म्हणाली, "माणसं मध्येच बोलतात."

लेकीचा एक मित्र नाटकाच्या थिएटरात ध्वनियंत्रणा सांभाळायचा. त्याला हे कळल्यावर तो म्हणाला, "काकू, यंत्राचा काय भरवसा? मी शनिवारी चारला येतो. चांगल्या माइकवर रेकॉर्ड करून ठेवू. मग जन्मभर काळजी नाही."

भिंगबाईला ते पटलं. तिला हायसंच वाटलं.

पण हल्ली बटण दाबलं की हुंकाराच्या आधी एक खरखर यायची. शनिवारी दुपारी तिच्या मनात आलं, ती तेवढी काढून टाकावी. फोटो काढायचा म्हटल्यावर आपण पोराचं तोंड पुसतोच ना, तसं. समोरच्या तारांना हात न लावता तिनं मागची फळी काढली, भिंग डोळ्याला लावलं. खरखर बटणातल्या धुळीची होती. ती तिनं पुसली. बटण दाबलं. "हं?" स्वच्छ, काचेसारखा. काम झालं होतं. फळी लावायची तेवढी बाकी होती.

आणि फळी लावता लावता तिला लाल ठिपका दिसला. शेजारी मळकट, रवाळ डाख.

अरे, हा राहिलाच.

यापलीकडे तिच्या मनात काही आलं नाही. बावीस वर्षांच्या सवयीचा हात. त्यानं खोकं बंद केलं, सळई तापवली, टोक टेकवलं. पांढऱ्या धुराची एक रेघ उठली आणि डाख थेंबासारखा चकचकीत झाला. तिला समाधान वाटलं. फळी लावून तिनं खोकं चालू केलं, बटण दाबलं.

"हं."

पुन्हा दाबलं. "हं."

वर जाणं गेलं होतं. ते त्या कच्च्या डाखातून येत होतं. उरला होता तो तिचाच, फोनवरचा सपाट हुंकार. लेक शाळेतून थेट कारखान्यात येऊन काही सांगायला लागली की ही भिंग न उतरवता ज्यात बोलायची, तो.

चारला मित्र आला तेव्हा मागची फळी पुन्हा उघडी होती आणि टेबलावर कथलाचे बारीक गोळे पसरले होते.

"काकू, काय झालं?"

"कच्चा करून बघतेय. होत नाहीये."

तो शेजारी बसला. तिनं सळई मुद्दाम लवकर उचलली, ओल्या डाखावर फुंकर मारली, तार हलवली. डाव्या हातानंही दिला. दर वेळी डाख चकचकीतच. एकदा खरंच मळकट झाला, तेव्हा खोकं नुसतं खरखरलं.

"मी देऊ का? मला अजिबात येत नाही."

"दे."

त्यानं दिला. छान, बेढब, कच्चा डाख. तिनं बटण दाबलं.

"हं."

"काकू, हा तरी रेकॉर्ड करून ठेवू का?"

"हा कशाला?" ती म्हणाली. "हा मला येतो."

त्यानं माइक पेटीत ठेवला. ती उठली आणि एकेक करून समोरच्या तारा उपसू लागली.