लातूरला नेलेला पाण्याचा कॅन

चहा घेता घेता ऐका. फक्त चहाला पाणी कुठलं वापरलंय, ते मला विचारू नका. त्या विषयातली माझी अक्कल लातूरला उघडी पडली आहे. कशी, तेच सांगायला बसलोय.

सरकारी कारकुनाला बढती उशिरा मिळते, बदली मात्र वेळेवर. त्यामुळे मी गावोगावचं पाणी प्यालो. भोकरला विहिरीचं, नायगावला हातपंपाचं. उदगीरला भाड्याच्या खोलीत बोअरचं होतं. त्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत रटरटली तरी दाणे एकमेकांना ओळख देत नसत. शेवटी निवृत्त होऊन नांदेडला घरी आलो, गोदावरीचं पाणी पोटात गेलं आणि आपल्याला पाण्यातलं कळतं, असं मी ठरवून टाकलं. एक घोट घेतला की गाव सांगतो, असं चारचौघांत म्हणूही लागलो. रिटायर माणसाचं बोलणं कुणी तपासून बघत नाही, हा त्यातला फायदा.

तर आमची लेक सुवर्णा लातूरला दिलेली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या सासरी चार दिवस राहायला निघालो. उन्हाळा होता. लातूरला नळाला पाणी रोज येत नाही, हे ऐकून होतो. म्हणून एक मोठा कॅन घरच्या पाण्यानं भरला.

गुडघेदुखीमुळं बायको घरीच राहणार होती, पण तिची जीभ दुखत नव्हती.

"लेकीच्या सासरी पाणी घेऊन जाऊन राहिलाव? त्यांच्या घरचं पाणी तुम्हाला चालत न्हाई, असाच अर्थ होतो त्याचा. तुम्ही याल परत. तिला जन्मभर ऐकावं लागंल."

"गुपचूप खोलीत ठेवतो. कुणाला कळतंय?"

"एवढा कॅन? गुपचूप?"

तिचं बरोबर होतं, हे लातूरला रिक्षातून उतरताना कळलं. व्याही विश्वंभरराव दारातच उभे. त्यांनी आधी कॅनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मागं सुवर्णा. तिचा चेहरा असा पडला, की मला आल्या पावली परत जावंसं वाटलं.

तेवढ्यात विश्वंभरराव म्हणाले, "या इवाई, या. गोदावरी सोबत घेऊनच आलाव की."

बुडत्याला हात मिळाला. "हाव," मी म्हणालो, "म्हटलं, तुमच्याकडं पाण्याची ओढाताण. तेवढाच हातभार."

आता बघा, एका कॅननं शहराला हातभार लावणारा मी पहिलाच असेन. पण विश्वंभररावांनी आत हाक मारली, "ऐकलं का? लोक पाहुणचाराला पेढे आणतेत. आपल्या इवायानं पाणी आणलंय." विहिणबाईंनी कॅन उचलून आत नेला. माझं पाणी माझ्या डोळ्यांदेखत गेलं आणि मागायची सोय राहिली नाही.

संध्याकाळी समोरचे खय्यूमभाई आले. विश्वंभररावांनी त्यांच्या हातात ग्लास दिला. "घ्या, नांदेडचं पाणी हाय."

खय्यूमभाईंनी डोळे मिटून घोट घेतला. "वाह साब, पानी नहीं, शरबत है."

मीही मान डोलवली. "गोदावरी ती गोदावरीच."

मला मात्र विहिणबाई वेगळ्या तांब्यातून पाणी देत. पहिल्याच घोटाला कळलं, की हे इथलं. जड, मचूळ, घशात रेंगाळणारं. पण बोलणार कुणाला? लेकीसाठी हसत हसत पीत राहिलो. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं. तिसऱ्या दिवशी ओवा मागायची वेळ आली, तेव्हा सुवर्णाला स्वयंपाकघरात एकटी गाठली.

"सुवे, हळू बोलतो. तुझ्या सासरची माणसं सोन्यासारखी हायेत, पण पाणी काही खरं न्हाई. माझ्या पोटाची वाट लागली."

तिनं हातातली पोळी तव्यावर टाकली. "अप्पा, तुम्ही आल्यापासून तुमच्याच कॅनमधलं पाणी पिऊन राहिलाव."

"काय?"

"मामंजींनी दारातच ओळखलं. आत येऊन म्हणाले, पाव्हण्यांना बाहेरचं पाणी सोसत नसंल, त्यांचं त्यांनाच द्या. पण त्यांना कळू देऊ नका, त्यांना अवघड वाटंल."

"अन् खय्यूमभाई?"

"त्यांना आमच्या नळाचं दिलं. तुमचं पुरायला नको का?"

"मग माझं पोट?"

"काल कांदाभज्यांचं दुसरं ताट कुणी मागितलं होतं? अन् कॅन एसटीत भर उन्हात तापला. पाण्याला प्लास्टिकचा वास येणार न्हाई तर काय?"

त्या दिवसापासून मी तांब्यातलं पाणी सोडून घरातल्या माठातलं घेतलं. विहिणबाईंनी माठाजवळ आणखी एक ग्लास ठेवला. तीन दिवस ही सगळी माणसं माझी अब्रू सांभाळत होती आणि मी त्यांच्या पाण्याला नावं ठेवत होतो. लेक चांगल्या घरात पडली, हे लग्नात अक्षता टाकतानाही मला इतकं पटलं नव्हतं.

निघताना विश्वंभररावांनी कॅन रिक्षात ठेवला. उचलून बघितला तर जड. नळाला आदल्या रात्रीच पाणी आलं होतं.

"अहो, हे कशाला? तुम्हालाच पुरत न्हाई."

"पाव्हण्यांचं भांडं रिकामं धाडतेत का, इवाई?" ते म्हणाले. "अन् आता सावलीत न्या."

नांदेडला आलो. सगळी हकीकत ऐकून बायकोनं तो जड कॅन मलाच स्वयंपाकघरात न्यायला लावला, हीच शिक्षा म्हणायची. तिनं त्या कॅनमधलं पाणी घालून वरण केलं. डाळ एकदम मऊ शिजली. जेवताना एक ग्लास पुढं सरकवून तिनं विचारलं, "घोट घ्या अन् सांगा, कुठलं?"

मी घोट घेतला. गार होतं, गोड होतं.

"तू सांगशील तिथलं," मी म्हणालो.