दुसरी सही

घर घ्यायचं ठरलं तेव्हा कागदांचं सगळं काम माझ्याकडे आलं. कुणी दिलं नाही, आपोआप आलं. मी साखळीजवळच्या एका हायस्कुलात कारकून. वीस वर्षं लोकांच्या मुलांचे जन्मदाखले तपासत आलेय. आडनावात एक काना जास्त असला तरी आईबापाला परत धाडते, दुरुस्त करून आणा म्हणून सांगते. यजमान पाळीच्या खाणीवर मशिनी सांभाळायचे. कागद दिसला की त्यांचं डोकं उठायचं. "तू बघ गो, तुका ह्या कळता," म्हणायचे. ते ऐकायला मला बरं वाटायचं, हे आधी कबूल करून टाकते.

लग्न झाल्यापासून आम्ही भाड्याच्या खोल्यांत. शेवटच्या घरमालकिणीने भिंतीला खिळा मारू दिला नाही म्हणून कॅलेंडर जनेलाच्या कडीला अडकवलेलं असायचं, वारा आला की फडफडायचं. खिडकी लावायची तर तारीख दिसत नसे. त्या कॅलेंडरचा मला इतका राग होता की एकदा मी ते फाडून चुलीत घातलं. मला माझं घर हवं होतं, आणि त्याच्या कागदावर माझं नाव. सोन्यानाण्याचा हट्ट मी कधी धरला नाही. होत्या त्या बांगड्याही घरासाठी मोडल्या.

कारापूरला घर मिळालं. कौलारू, तीन खोल्या, मागे विहीर आणि परसात बिमलीचं झाड. विकणारे म्हातारे गृहस्थ शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, एकुलता एक मुलगा परदेशात. मुलगा आणि सून तीन आठवड्यांच्या रजेवर येणार होते. त्या तीन आठवड्यांत सह्या झाल्या तर झाल्या, नाहीतर पुढच्या वर्षी.

म्हणून मी सहा महिने आधी पदर खोचला. आधी सर्च, म्हणजे ते घर गेली तीस वर्षं कुणाकुणाच्या हातातून गेलं त्याचा शोध. मग जमिनीचा एक-चौदाचा उतारा. त्यात म्हाताऱ्यांच्या चुलत्याचं नाव अजून बसलेलं, तो जाऊन जमाना झाला होता. ते काढायला डिचोलीच्या मामलेदार कचेरीत अकरा खेपा. दर खेपेला अर्ध्या दिवसाची रजा. मग पंचायतीतून घरपट्टीचा दाखला, घरावर कर्ज-बोजा नसल्याचा दाखला, सर्व्हेचा नकाशा. मग पेपरात जाहीर नोटीस, कुणाची हरकत असेल तर चौदा दिवसांत कळवा म्हणून. त्या चौदा दिवसांत दारात कुणीही चप्पल काढली तरी मला वाटायचं, आला हरकतवाला. हरकत कुणी घेतली नाही. ती आमच्याच फायलीत होती.

आमच्या गोव्याच्या कायद्याचा मला अभिमान होता. इथे लग्न झालं की नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा आणि बायकोच्या मालमत्तेत नवऱ्याचा. तिच्या सहीशिवाय त्याला घराचं एक कौलसुद्धा विकता येत नाही. म्हाताऱ्यांची बायको गेली तेव्हा तिचा अर्धा वाटा मुलाकडे गेला, आणि मुलाचा म्हणून सुनेचाही झाला. त्यामुळे ज्या सुनेने त्या घरात पुरते दोन महिनेही काढले नव्हते, तिची सही हवीच होती. सावंतवाडीच्या नणंदांना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगायचे. बँकेचे कागद भरले तेव्हा मी यजमानांचं एकट्याचंच नाव घातलं ते याच खात्रीने. पगार त्यांचा मोठा, कर्ज लवकर होईल, आणि माझा अर्धा कुठे पळून जातोय. कायदाच मला देतोय तर मागायचं कशाला? अशी चूक फक्त आमच्याकडची बाईच करू शकते.

मुलगा-सून यायला चार दिवस होते तेव्हा वकीलबाईंनी आमच्या लग्नाचा दाखला मागितला. साखळीच्या बाजारात वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. मी फाइलीतून कागद काढला. वडिलांनी मेणकापडात गुंडाळून दिलेला, पेडण्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारचा शिक्का असलेला. वकीलबाईंनी तो वाचला, उलटा करून पाठ बघितली आणि माझ्यापुढे सरकवला.

"ही पहिल्या सहीची पावती," त्या म्हणाल्या. "दुसरी सही कुठाय?"

बाहेरच्या माणसांना हे समजत नाही म्हणून सांगते. गोव्यात लग्नाच्या दोन सह्या असतात. पहिली म्हणजे आम्ही लग्न करणार आहोत असं कळवणं. मग दोघांची नावं कचेरीच्या फळ्यावर लागतात. पंधराएक दिवसांनी परत जाऊन दुसरी सही केली की कायद्याने नवरा-बायको. आमची पहिली सही झाली आणि आठ दिवसांनी चोपड्याला माहेरच्या अंगणात लग्न लागलं. सासरी गेले, सत्यनारायण झाला, देवदर्शनं झाली. दुसऱ्या सहीला जायला यजमानांना खाणीवरून रजा नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "देवाबामणासमोर झाला मां, आता सरकाराक काय दाखवचा?" आणि मी, पुढे आयुष्यभर दुसऱ्यांचे दाखले तपासणारी, ती पावतीच लग्नाचा दाखला समजून तेवीस वर्षं कपाटात जपून ठेवली. पहिल्या सहीची मुदत एक वर्षाची. ती केव्हाच संपली होती.

"मग मी कोण?" मी विचारलं.

वकीलबाई चांगल्या होत्या, त्यांनी डोळे चुकवले नाहीत. "कायद्याने कुणीच नाही," म्हणाल्या. "पण इलाज आहे. नव्याने दोन सह्या करा, महिना जाईल. नाहीतर खरेदीदार म्हणून दोघांची नावं घाला."

महिना हातात नव्हता, मुलगा-सून परत जाणार होते. दोघांची नावं घालायची तर बँकेची फाइल पहिल्यापासून करावी लागणार होती. यजमान इतका वेळ छताच्या पंख्याकडे बघत बसले होते. ते म्हणाले, "आता माझ्या एकट्याच्या नावार करूया. मागाहून सह्या करू. मगे हिचा अर्धा येताच ना आपोआप?" वकीलबाई म्हणाल्या, येतो, कायद्याने येतो. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. सहा महिन्यांच्या खेपा पाण्यात जातील याची मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर शंका घ्यायचं काही कारणच दिसलं नाही.

विक्रीखताच्या दिवशी डिचोलीच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत आम्ही सकाळी नऊला हजर. म्हातारे इस्त्रीच्या शर्टात आले होते, सून मोबाइल बघत होती. वकीलबाईंनी खत वाचून दाखवलं. विकणाऱ्यांची नावं, वयं, धंदे, कोण विधुर, कोण विवाहित. मग खरेदीदार. यजमानांचं नाव, वय एकावन्न, नोकरी, अविवाहित. अविवाहित हा शब्द त्यांनी भरभर वाचला, तरी मी तो ऐकला. यजमानही ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. निदान लाज वाटायला हवी होती, निदान एकदा माझ्याकडे बघायला हवं होतं.

साक्षीदार दोन लागतात. एक वकीलबाईंचा कारकून. दुसरा साक्षीदार आयत्या वेळी आला नाही. यजमान म्हणाले, "ही आसा मां." मी आधारकार्ड काढलं. कॅमेऱ्यासमोर उभी राहायच्या आधी यजमान माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "ता मंगळसूत्र जरा आत घाल. उगीच प्रश्न नको." मी घातलं. साडीच्या आत, पोलक्याच्या आत, माझ्या हाताने.

खिडकीतल्या माणसाने विचारलं, खरेदीदाराला किती वर्षं ओळखता. "तेवीस," मी म्हटलं. नातं काय, त्याने विचारलं. वकीलबाईंचा कारकून पटकन म्हणाला, "परिचित लिहा." त्याने परिचित लिहिलं. मी त्याखाली सही केली, अंगठा दिला. माझ्या स्वतःच्या घराच्या खरेदीला मी साक्षीदार. परत येताना यजमानांनी मिठाई घेतली. मी एक तुकडासुद्धा तोंडात घातला नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यानंतर तीन वर्षं मी मागे लागून होते. फॉर्म आणला, भरला, फोटो चिकटवले. कधी खाणीवर काम, कधी पाठ दुखते, कधी चतुर्थी तोंडावर. मग म्हणाले, "पन्नाशी उलटल्यावर कचेरीच्या फळ्यार आमची नावां लागतली, लोक हसतले." पुण्याला नोकरीला असलेली आमची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका ना." तिलाही हो हो म्हणाले. या माणसाचं हो हो म्हणणं मला आता नको नकोपेक्षा जास्त चीड आणतं. दर वेळी वेळ मारून न्यायची, दर वेळी मी फॉर्म परत कपाटात ठेवायचा.

एकदा परसातल्या बिमलीवरून भांडण झालं. त्यांना झाड तोडून गाडीसाठी शेड घालायची होती, मला झाड हवं होतं. किरकोळ गोष्ट. बोलता बोलता ते म्हणाले, "घर माझ्या नावार आसा. कागद वाच." तो कागद मी तयार केला होता. त्यातला स्वल्पविरामसुद्धा मी तपासला होता. झाड दुसऱ्या दिवशी तोडलं.

गेल्या वर्षी चोपड्याला वडील अंथरुणाला खिळले. मी रजा काढून त्यांच्याजवळ राहिले. पेज भरवताना मी त्यांना एकदा सहज म्हटलं, बाबा, तुम्ही तरी दुसऱ्या सहीची आठवण करायची होती. त्यांनी चमचा बाजूला सारला. "जावयाक तीनदा निरोप धाडलंय गो," ते म्हणाले. "तो येतंय म्हणालो. इलो नाय. मगे माका वाटला, तुमी डिचोलीक केली असात."

म्हणजे यजमानांना ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. वकीलबाईंच्या ऑफिसात पंख्याकडे बघत बसले होते तेव्हाही. मी त्यांना जाब विचारला नाही. का विचारायचा? ते म्हणाले असते, विसरलो.

वडील पावसाळ्याआधी गेले. खाडीच्या वरच्या अंगाला त्यांची जमीन आहे, काजूची. विमानतळ झाल्यापासून त्या बाजूला दलाल नुसते फिरत असतात. वारस आम्ही दोघं, माझा भाऊ आणि मी, निम्मेनिम्मे. बारावं झालं त्याच्या चौथ्या दिवशी यजमान स्वतः जाऊन सिव्हिल रजिस्ट्रारचा फॉर्म घेऊन आले. मी न सांगताच तो भरूनही आणला होता. "सह्यो करून टाकूया," म्हणाले. "किती वर्सां रवलंत आपण. दोन मिन्टांचा काम." मी म्हटलं, आधी दादाचं वारसाचं काम होऊ दे, मग बघू. हे 'मग बघू' मी त्यांच्याकडूनच शिकले.

वारसाच्या डीडसाठी, म्हणजे वारस कोण ते नोंदवायला, पेडण्याला गेलो. दादा, वहिनी, मी, आणि यजमान न सांगता बरोबर. दादाचं नाव लिहून झालं, विवाहित, बायकोचं नाव, वहिनीची सही. यजमानांनी ते बघितलं आणि खिशातलं पेन काढून हातात धरलं. मी निघताना आरशासमोर उभी राहून मंगळसूत्र मुद्दाम साडीवर काढलं होतं.

मग माझं नाव. कारकून तरुण होता, वर न बघता विचारत होता. वय, पत्ता, नोकरी.

"विवाहित?"

"अविवाहित," मी म्हटलं.

दादा खाली बघू लागला. वहिनीने माझा हात धरला की मी तिचा धरला, आठवत नाही. कारकुनाने आता वर बघितलं. आधी माझ्या गळ्याकडे, मग यजमानांकडे, मग त्यांच्या हातातल्या उघड्या पेनाकडे.

"मग हे कोण?"

"परिचित," मी म्हटलं. "सत्तावीस वर्षं ओळखते मी त्यांना."